चौथी खाच

सोमवार, ३ तारीख

बायको गाडीवर मागे बसायची बंद झाली, त्याला आज पस्तीस दिवस झाले. दिवस मोजायची सवय बातमीदारीतली. एखादा नळ किती दिवस कोरडा आहे हे मोजता मोजता माणूस घरातलंही मोजायला लागतो.

एकोणीस वर्षं रोज सकाळी सव्वानऊला ती मागे बसत आली. उजवा हात माझ्या खांद्यावर, डाव्या हातात डब्याची पिशवी. तिला दवाखान्यात, औषधांच्या खिडकीशी सोडायचं आणि मग मी बातम्यांच्या मागे लागायचं. गाडीही तेवढ्याच वर्षांची. आता ती बसने जाते आणि पावणेनऊलाच निघते. सव्वानऊला मी किल्ली हातात घेऊन अंगणात उभा राहतो आणि निघायला उशीर झाल्यासारखा चेहरा करतो. कुणासाठी, ते माहीत नाही.

कारण लिहून ठेवतो. त्या दिवशी पुलाच्या उतारावर खड्डा आला. गाडी आदळली. ती किंचाळली आणि तिने दोन्ही हातांनी माझी मान धरली. त्याच वेळी एक ट्रक अगदी अंग चाटून पुढे गेला. मी गाडी थांबवली. ती उतरली, चेहरा चुन्यासारखा पांढरा, आणि उरलेला रस्ता चालत गेली. संध्याकाळी म्हणाली, "मी आता तुमच्या मागे बसणार नाही."

"का?"

"तुम्हाला कळतच नाही काही."

खरं आहे. संस्कृतात पदवी घेतली, पण गाडीतलं मला काही कळत नाही. तरी मागे बसणाऱ्याच्या पाठीला दणका कुठून बसतो, एवढं समजायला पदवी लागत नाही. मागचे शॉकअप गेले असणार. ते बदलायचे आणि ती पुन्हा मागे बसली पाहिजे. बाकी काही मागणं नाही.

बुधवार, ५ तारीख

मिस्त्रीकडे गेलो होतो. त्याच्या दुकानाच्या पाटीवरचं शुद्धलेखन मी एकदा दुरुस्त केलं, तेव्हापासून तो मला शास्त्रीबुवा म्हणतो. तीच पाटी पुन्हा टांगताना तो परवा शिडीवरून पडला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. माझं शुद्धलेखन अंगाशी आलं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

त्याने डाव्या हाताने सीट दाबून सोडली. गाडी खाली गेली, वर आली, परत खाली, परत वर. झोपेतून उठवलेल्या माणसासारखी बराच वेळ डोलत राहिली.

"एकदा खाली, एकदा वर, की गप्प बसली पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "हे शॉकअप नाहीत, पाळण्याचे दोर झालेत. तेल कधीच गळून गेलंय. तीन महिने कुईकुई करतंय हे. ऐकू येत नाही का?"

मिस्त्रीचं बोलणं असंच. चिमटा काढल्याशिवाय पाना उचलत नाही, आणि आता पाना उचलता येत नाही म्हणून नुसते चिमटे.

"दुसऱ्या कुणाकडे नेऊ का?"

"कुणाकडे कशाला? तुम्हीच बदला. चार नट आहेत. दोन वर, दोन खाली. तुम्ही शिकलात ते याहून अवघड असेल की."

मी वही काढली. तो सांगत गेला, मी त्याच्या तोंडाकडे बघत लिहीत गेलो. नटांवर आदल्या दिवशी तेल सोडून ठेवायचं. गाडी डबल स्टँडवर. एका वेळी एकच बाजू सोडायची, म्हणजे दुसरी बाजू चाक धरून ठेवते. मग त्याने प्लास्टरचा हात वर करून तर्जनीसारखा नाचवला. "आणि वायसर. नटाच्या आधी एक, आणि शॉकअपच्या आतल्या अंगाला एक. आतला विसरलात तर शॉकअप आत सरकतो, चेनकव्हरला घासतो, आणि सगळी गल्ली उठवता तुम्ही."

मी 'आतला वायसर' खाली दोन रेघा ओढल्या.

शनिवार, ८ तारीख

नवे शॉकअप आणले. टेबलावर शब्दकोशाशेजारी ठेवले आहेत. काळे, चकचकीत, स्प्रिंगचे वेढे एकसारखे. खाली एक कडं आहे, त्याला पाच खाचा. कडं फिरवलं की स्प्रिंग ताठ होते. मिस्त्रीचं म्हणणं, एकट्याला दुसरी, दोघांना चौथी, पाचवी पोत्यांसाठी.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात रस्ता पाण्याचा होता आणि गाडी त्यावरून जात होती, चाकं न भिजता. ती मागे बसली होती आणि काहीतरी सांगत होती. तिचे शब्द बुडबुडे होऊन माझ्या कानाशेजारून वर जात होते. एक एक फुटत होता, आवाज न करता. जागा झालो तेव्हा ती खरोखरच समोर उभी होती, हातात चहा, आणि कंटाळलेला चेहरा. किती वेळ उभी होती कोण जाणे.

मुलीचा फोन आला होता. ती दुसऱ्या गावी असते. हल्ली तिची लाइन फार खराब येते. मी दोन वाक्यं बोलून फोन हिच्याकडे दिला. हिच्याशी मात्र ती पाऊण तास बोलली. लाइनलाही आईची माया कळते म्हणायची.

नटांवर तेल सोडलं.

रविवार, ९ तारीख

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

सकाळी गाडी अंगणात डबल स्टँडवर घेतली. कालचं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि निघतील त्या वस्तू निघतील त्या क्रमाने त्यावर मांडत गेलो. श्लोकाचा अन्वय लावतात तसं. आधी नट, मग वायसर, मग शॉकअप, मग आतला वायसर. बसवताना उलट क्रमाने वाचायचं.

बायको कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "मिस्त्रींचा हात बरा होईपर्यंत थांबा की."

"एक्केचाळीस दिवस थांबलो."

"मी दणक्याचं म्हटलंच नव्हतं."

"म्हणावं लागत नाही," मी म्हटलं. एकोणीस वर्षांनंतर काही गोष्टी न सांगता कळतात.

तिने हातातला टॉवेल दोनदा पिळला.

डावीकडचा वरचा नट मुकाट निघाला. खालच्याने तासभर अंत पाहिला. शेवटी पान्यावर उभा राहिलो, तेव्हा तो सुटला आणि मीही सुटलो, थेट तुळईसारखा आडवा. ती हसली. महिन्याभराने हसली. कोपर सोलवटलं, पण हरकत नाही.

जुना शॉकअप हातात घेऊन दाबला तर आपण होऊन वर येईना. एकोणीस वर्षं आम्हा दोघांना तोलून त्याने जणू श्वास सोडून दिला होता. त्याला भिंतीशी उभं केलं.

मधे एक गोष्ट घडली. चहा पिताना नजर वर्तमानपत्रावर गेली, तर नटांच्या खालीच माझी बातमी. तलावाची. संपादकांनी परवा समोर बसवून खास सांगितलं होतं की, तुमच्या लिहिण्यात हल्ली फार तरल काहीतरी येतंय. खरं म्हणजे सभेतले वक्ते इतकं पुटपुटत होते की मी खिडकीतून तलावच बघत बसलो आणि तेच लिहिलं. बातमी कात्रणांच्या फायलीत जायला हवी होती. सगळ्या वस्तू अलगद दुसऱ्या पानावर ठेवल्या, क्रम न मोडता, बातमी कापली, घडी घालून खिशात टाकली आणि पुन्हा कामाला लागलो.

दुपारी दोनला दोन्ही बाजू बसल्या. आजवर घड्याळ उघडलं, मिक्सर उघडला, काहीतरी उरलंच. आज जमिनीवर काहीही उरलं नाही. वर्तमानपत्र कोरं.

मग कडी फिरवली. दोन्हीकडे चौथी खाच.

"चौथीवर का?" खाचांचं तिला मीच काल सांगितलं होतं. "एकटेच तर जाता."

मी पाना पुसत राहिलो.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. काय सांगावं. रस्ता नव्हे, साय. गतिरोधकावरून गेलो तर एक हुंकारही नाही. सगळं शांत, चित्रात काढल्यासारखं. आणि गल्लीने दाद दिली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या, माणसं बाहेर येऊन बघत होती. शिंपीकाका तर मशीन सोडून ओट्यावर आले. एरवी माझ्या चाकाखाली झोपणारं कुत्रं उठून शेपूट घालून पळालं. नव्या वस्तूचा दबदबाच वेगळा.

फाटकाशी ती उभी होती, हातात कपड्यांचे चिमटे.

"बघितलंस? कसलाही आवाज नाही."

 ती जवळ आली, अगदी समोर, आणि सावकाश विचारलं, "तुम्हाला खरंच काही ऐकू येत नाही?"

"टाचणी पडली तर येईल, इतकी शांत चालते."

तिच्या हातातून एक चिमटा पडला. मग दुसरा. ती वाकून गोळा करायला लागली आणि बराच वेळ खालीच राहिली. उठली तेव्हा डोळे लाल होते. साबणाचा हात लागला असावा.

"उद्या मला सोडा," ती म्हणाली. "सव्वानऊला."

विश्वविजयी सम्राटाला रात्री जशी झोप लागत असेल तशी आज मला लागणार.

सोमवार, १० तारीख

बसली. उजवा हात खांद्यावर, पिशवी डाव्या हातात. वजन मागे आलं तशी गाडी एवढीशी खाली गेली आणि स्थिर झाली. चौथी खाच म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

एक नवीन पाहिलं. वाटेत ती खांद्यावर बोटांनी टकटक करत होती. मधेच एकदा, मधेच दोनदा, एकदा तर सगळा पंजा आपटला. बसमध्ये कुणी गाणारं भेटत असेल, तिथून ताल धरायची सवय लागली असावी. एक मोठी बस बाजूने गेली तेव्हा तर ती ऐन रंगात होती.

दवाखान्याशी उतरल्यावर हात पुढे केला. "किल्ली द्या. दिवसभर गाडी इथेच राहू दे. बातम्यांना चालत जा, पोट सुटलंय तुमचं."

शॉकअपच्या बदल्यात किल्ली. सौदा वाईट नाही म्हणून दिली.

मंगळवार, ११ तारीख

सकाळी धुकं होतं. धुक्यात रस्ता, रस्त्यावर आम्ही. पक्षी तारेवर बसून चोची उघडत मिटत होते, माशांसारखे. हल्ली सगळीच सकाळ पाण्याखालची वाटते. वाईट वाटत नाही.

गुरुवार, १३ तारीख

संपादकांचा निरोप. त्यांनी चिठ्ठी पाठवली, फार सौम्य शब्दांत. 'तुमच्या बातम्यांत झाडं, उजेड, पाणी सुरेख येतं. पण माणसं बोलत नाहीत. कोण काय म्हणालं तेही येऊ द्यावं.' दोनदा वाचली. खिशात ठेवली. मग तिसऱ्यांदा वाचली.

येताना मिस्त्री रस्त्यापलीकडे दिसला. प्लास्टरचा हात हवेत फिरवत होता, तोंड मोठं उघडलेलं. मीही हात केला. मागून माझ्या खांद्यावर तिचं कपाळ टेकलं, क्षणभरच. दमली असेल.

शुक्रवार, १४ तारीख

कात्रणं चिकटवायला बसलो. रविवारच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला, तलावाच्या बातमीची घडी उघडली. आत वायसर.

ग्रीसमध्ये चिकटून बसला होता. अलगद, क्रम न मोडता, ठेवायच्या वस्तूंमधली एक मी बातमीसकट कापून खिशात घातली होती. बातमीच्या मधोमध काळं वर्तुळ उमटलं आहे आणि त्यातून तलावाचं पाणी दिसतं.

वही काढली. 'आतला वायसर', खाली दोन रेघा. पुढे माझ्याच अक्षरात: विसरल्यास चेनकव्हरला घासतो, सगळी गल्ली उठते.

पण गल्ली उठली होतीच. खिडक्या, शिंपीकाका, कुत्रं.

चालत मिस्त्रीकडे गेलो. वायसर त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने तो उचलला, माझ्याकडे बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"वाजतंय?" मी विचारलं.

"रविवारपासून." तो हळू आणि सुटं सुटं बोलत होता, माझ्या तोंडासमोर तोंड आणून. कधीपासून असं बोलतो कोण जाणे. "तुम्ही कोपऱ्यावर आलात की मी इथे चहा टाकतो. लोखंडावर सुरी घासावी तसं ओरडतंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काल बोंब मारून सांगितलं, शास्त्रीबुवा. तुम्ही हात केलात."

चिमटा नव्हता तो. त्याच्या चेहऱ्यावर चिमट्याचं काही नव्हतं.

तिथून सरळ पुलाच्या उतारावर गेलो. रस्त्याच्या कडेने दोनदा वर, दोनदा खाली चाललो. नवं डांबर आहे, मागच्या वर्षीची बातमी मीच दिली होती. उतारावर खड्डा नाही. कधीच नव्हता. त्या दिवशीचा दणका तिने मान धरली त्याचाच.

एक ट्रक गेला. वाऱ्याने सदरा उडाला, पायाखालची जमीन थरथरली. तो बाजूला आल्यावर मला कळलं. आधी नाही.

मला भीती वाटली, हे लिहितो. माणसं काय म्हणाली ते ऐकून लिहिणं एवढाच धंदा मला येतो.

शनिवार, १५ तारीख

सकाळी तिला विचारलं. ती भाजी निवडत होती. समोर बसलो, उजेड तिच्या चेहऱ्यावर येईल असा.

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

तिने विळी बाजूला सारली. "कुकरच्या तीन शिट्ट्या सांगितल्या होत्या. तुम्ही शेजारी बसून अकरा होऊ दिल्यात. तेव्हापासून."

"सांगायचं नाही का?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही हं म्हणालात."

ते हं मला ओळखीचं होतं. मी ते गेली काही वर्षं सगळ्यांना देत आलो आहे.

"त्या दिवशी ट्रकवाला पुलापासून हॉर्न देत होता," ती म्हणाली. "मी तुमच्या कानात ओरडत होते. तुम्ही निवांत. म्हटलं, मी बसले नाही तर एकटे काढणार नाहीत गाडी. तर तुम्ही शॉकअप आणलेत."

"मग परत का बसलीस?"

"रविवारी तो आवाज ऐकून माझे दात शिवशिवले, आणि तुम्ही विचारताय, बघितलंस किती शांत. तो चेहरा बघून कळलं, तुम्ही गाडी सोडणार नाही. मग म्हटलं, मागे निदान कान तरी असावेत."

मी तिच्या बोटांकडे बघितलं. हिरवी झाली होती मेथीने, नखांपर्यंत.

"ती टकटक."

"एक बोट म्हणजे दुचाकी. दोन म्हणजे मोटार. पंजा म्हणजे आधी बाजूला व्हा, मग विचार करा."

"मला वाटलं, ताल धरतेस."

"एकोणीस वर्षांत मी कधी ताल धरलाय?"

आम्ही दोघं हसलो. मग ती हसायची थांबली आणि मी थांबलो नाही असं काहीसं झालं. तिने ओल्या हाताने माझं तोंड पुसलं. मेथीचा वास आला.

रविवार, १६ तारीख

वायसर बसवला. आज काम अर्ध्या तासाचं होतं. नट ओळखीचा झाला आहे. वर्तमानपत्र मुद्दाम घेतलं नाही, पाटावर कापड पसरलं.

चेनकव्हरवर चंद्रकोरीएवढा ओरखडा पडला आहे, रंग जाऊन चकाकणारा. त्यावरून बोट फिरवलं. आठवडाभराचं ओरडणं मला असं बोटाने वाचावं लागलं.

ती मागे बसली. फक्त गल्लीच्या टोकापर्यंत, असं ठरलं होतं. सावकाश निघालो. शिंपीकाका ओट्यावर होते, मशीनवरून मान वर न करता. कुत्रं चाकाच्या वाटेतच पसरलं होतं, त्याला वळसा घालावा लागला. गतिरोधक आला. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं.

"वाजलं?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला हे विचारलं.

तिने उत्तर दिलं असेल. मग तिच्या लक्षात आलं असावं. खांद्यावर एक हात सपाट टेकला आणि दोनदा हळू डावीउजवीकडे फिरला. ही खूण नवीन होती, पण कळली.

परत येताना मी मुद्दाम गतिरोधकावरून गेलो आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तोच हात.

संपादकांना पत्र लिहिलं आहे. माणसं बोलत आहेत, ऐकणाऱ्यात बिघाड आहे, दुरुस्तीला नेत आहे, असं. मुलीलाही फोन केला. लाइनचा दोष नव्हता हे सांगितलं. ती पलीकडे काय म्हणाली ते हिने मला लिहून दिलं: 'बाबा, टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा.' लिहिताना हिने अक्षर जरा जास्तच मोठं काढलं. माझे डोळे ठीक आहेत, म्हटलं.

उद्या दहा वाजता कानांच्या डॉक्टरांकडे. तिच्याच दवाखान्यात बसतात, वरच्या मजल्यावर. ते काय सांगतील तोवर गाडी काढायची नाही, म्हणून दोघंही बसने जाणार आहोत. पावणेनऊला निघायचं.

गाडी पुसून अंगणात डबल स्टँडवर लावली. सीट एकदा दाबून सोडली. खाली गेली, वर आली, गप्प बसली. कडी फिरवून दुसऱ्या खाचेवर आणावीत का, असा एक विचार आला, उभ्या गाडीच्या स्प्रिंगला तेवढाच आराम.

आणली नाहीत. चौथीवरच आहेत.